राजपेराचा भात

एका जंगलात, म्हणजे जिथे अजून प्लॉट पाडले नव्हते अशा एका जंगलात, एक म्हातारा सिंह राज्य करत होता. नीट बसा. मांडी घाला. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही, मग मला पुढचं आठवत नाही.

तर सिंह. त्याचे पुढचे तीन दात पडले होते आणि उरलेले हलत होते. राजवैद्य घोरपडीनं त्याची नाडी बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, महाराज, आता हाडं चावणं बंद. दुपारी मऊ भात खायचा, वर तूप आणि मेतकूट. महाराजांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी दोनदा वाढून घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच भाताची चौकशी केली, आणि हरणांच्या वस्तीत साखर वाटली गेली.

पण राजाची भूक ती राजाची भूक. सूर्य उंबराच्या शेंड्यावर आला की महाराज उठायचे, भूक लागली म्हणायचे आणि आपल्या कातळाभोवती फेऱ्या घालायला लागायचे. बरोबर सात फेऱ्या. सातवी संपली की ताट समोर हवं. ताटात वाफाळता भात हवा. आधी करून ठेवलेला चालायचा नाही, आणि कच्चा किंवा गिचका झालेला तर मुळीच चालायचा नाही. भात भातासारखा नसला, तर महाराजांना जुनी सवय आठवायची. मग जो सगळ्यात जवळ उभा असेल त्याच्याकडे ते बघायला लागायचे.

सगळ्यात जवळ भिकोबा उभा असायचा.

भिकोबा हा ससा. महाराजांचं ताट धरायची नोकरी त्याला लगेच मिळाली होती, कारण दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता. घरी बायको आणि अकरा पोरं. हो, अकराच. सशांच्या मानानं आटोपशीर संसार होता. रोज दुपारी तो ताट घेऊन कातळापाशी उभा राहायचा आणि महाराजांच्या फेऱ्या मोजायचा. चौथी फेरी सुरू झाली की तो चुलीकडे मागे वळून बघायचा. सातवीला तो डोळे मिटायचा. मागून वाफेचा वास आला की डोळे उघडायचा.

तो वास ठकूमावशीच्या भाताचा. ठकूमावशी ही वानरीण, राजवाड्याची स्वयंपाकीण. तुम्हाला वाटतं भात कुकरात होतो. तुमची काय चूक, तुम्ही शिट्ट्या मोजता. मावशीकडे कुकर नव्हता. ती सकाळीच तांदूळ धुऊन भिजत घालायची. दुसऱ्या चुलीवर पाणी उकळत ठेवायची. महाराज उठले की तांदळाचं पातेलं चुलीवर चढायचं, वरून आधणाचं पाणी पडायचं. मग ती तांदूळ सारखे करून पाण्यात बोट टेकवायची, तांदळाच्या वर किती पाणी आलंय ते बघायची, पटकन बोट काढून कानाला लावायची. मोठा जाळ. पाणी आटून भातावर बारीक बारीक भोकं दिसली की केळीच्या पानाचं झाकण, आणि खालची लाकडं बाहेर. पाचव्या फेरीला झाकण पडलं की सातवीपर्यंत ते कोणाच्या बापाला उचलू द्यायची नाही. शीत न् शीत मोकळं, आणि तरी मऊ.

असं दोन वर्षं चाललं. भिकोबाचं वजनसुद्धा वाढलं.

मग काय झालं, मावशीच्या भाचीचं लग्न निघालं. पलीकडच्या डोंगरात. मावशी एका दिवसासाठी गेली आणि चूल अस्वलाच्या ताब्यात देऊन गेली. अस्वलानं जाता जाता विचारलं की पाणी किती घालू. मावशी म्हणाली, बेताचं. आणि गेली.

अस्वलानं आपल्या मतीप्रमाणे बेत केला. भात असा झाला, की ताटात वाढताना कड कड आवाज आला. महाराजांनी एक घास घेतला. हलणारा एक दात आणखी हलला. त्यांनी मान वर केली आणि भिकोबाकडे बघितलं. रागानं नव्हे, हो. बऱ्याच दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं तसं, प्रेमानं बघितलं. नशीब, अस्वलाकडे मधाचं आख्खं पोळं होतं. ते त्यानं महाराजांच्या पुढ्यात टाकलं. महाराज पोळं चाटत बसले आणि चाटता चाटता झोपले.

भिकोबा घरी आला तो धावतच. बायकोनं विचारलं काय झालं. त्यानं अकरा पोरांना एकेक करून जवळ घेतलं. सातव्या पोराला दोनदा घेतलं, गडबडीत.

दुसऱ्या दिवशी मावशी परत आल्या आल्या भिकोबानं तिला गाठलं.

"मावशी, पाणी किती घालायचं ते मला एकदा सांगून ठेव."

"बेताचं."

"म्हणजे किती?"

"अरे, बेताचं म्हणजे बेताचं," मावशी म्हणाली. मग तिलाच त्याची दया आली. तिनं त्याला पातेल्यापाशी नेलं आणि दाखवलं. तांदळावर बोट टेकवायचं, पहिल्या पेरापर्यंत पाणी आलं की बास. तांदूळ नवा असेल तर थोडं अलीकडे, जुना असेल तर थोडं पलीकडे. लाकडं ओली असली तर बघून. आभाळ आलं असलं तर जरा विचार करून.

भिकोबानं घरी जाऊन करून बघितलं. आपलं बोट टेकवलं, पेरापर्यंत पाणी घातलं. सशाचं पेर ते केवढं. भात नुसता ओला झाला, शिजला कुठला. पोरांनी ते दाणे गोट्यांसारखे खेळायला घेतले. तेव्हा भिकोबाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळा जीव मावशीच्या एका बोटावर टांगलेला आहे. उद्या मावशी आजारी पडली तर? तिच्या दुसऱ्या भाचीचं लग्न निघालं तर?

आणि मुलांनो, इथं भिकोबानं एक चूक केली. असली चूक फक्त घाबरलेला आणि प्रामाणिक प्राणीच करतो. तो प्रधानाकडे गेला आणि म्हणाला, पाण्याचं काहीतरी माप ठरवा.

प्रधान म्हणजे दाजीसाहेब कोल्हा. अंगानं बारीक, बोलणं लांब. राज्यात काही नवीन काढल्याला त्यांना बरेच दिवस झाले होते. भिकोबाचं बोलणं ऐकून त्यांच्या मिशा उभ्या राहिल्या. ते म्हणाले, बेताचं हे माप आपल्या राज्यात कुठंच नोंदलेलं नाही. म्हणजे दोन वर्षं महाराज बेकायदा भात खात आहेत. हे फार गंभीर आहे. आणि त्यांनी तिथल्या तिथं समिती नेमली.

समितीत कोण असावं यावर बराच खल झाला. प्रश्न बोटाचा होता, तेव्हा बोटं असलेला कोणी घेतला तर तो आपल्या बोटाची बाजू घेणार. म्हणून ज्यांना असलं बोटच नाही अशांना निवडलं. एक हत्ती, एक धामण आणि एक बगळा. बगळ्याला अध्यक्ष केलं, कारण तो गप्प उभा राहायचा आणि फार विचार करतो आहे असं वाटायचं.

समिती तीन दिवस मावशीच्या चुलीपाशी बसली. तिन्ही दिवस जेवली. चौथ्या दिवशी तिनं सांगितलं की भाताला पाणी एक पेर लागतं. इथवर ठीक होतं. पण दाजीसाहेबांनी विचारलं, पेर कोणाचं? मावशीचं धरलं, तर उद्या वानरं म्हणतील राज्य आमच्याच बोटावर चाललंय. अस्वलाचं धरलं तर वाघ रुसेल. तेव्हा राज्यात पेर एकच असायला हवं, आणि ते महाराजांचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. भिकोबानं मान डोलावली नाही. महाराजांचा पंजा तो रोज जवळून बघत होता. त्यांचं एक पेर म्हणजे मावशीची आख्खी चार बोटं. त्यानं तसं हळूच सांगून बघितलं. दाजीसाहेब म्हणाले, महाराजांचं पेर जास्त आहे असं तुला म्हणायचंय का? भिकोबाला तसं अजिबात म्हणायचं नव्हतं.

माप घ्यायला धामणीला पाठवलं. महाराज झोपलेले असताना ती त्यांच्या पंजाशेजारी जाऊन आडवी झाली. महाराज झोपेत गुरगुरले. धामणीची पाचावर धारण बसली आणि भीतीनं ती चांगली बोटभर ताणली गेली. तेवढंच माप धरलं. त्या मापाची एक शिसवी काठी केली, तिच्यावर पितळेचं कडं बसवलं आणि तिला नाव दिलं राजपेर. काठी तांदळावर उभी करायची, कड्यापर्यंत पाणी घालायचं. रोज बगळा स्वतः येऊन बघणार.

पहिल्या दिवशी मावशीनं काठी उभी केली आणि पाणी ओतत गेली, ओतत गेली. पातेल्यात तांदूळ दिसेनासा झाला. बगळ्यानं चोच हलवून पसंती दिली आणि सवयीप्रमाणे एका पायावर उभं राहून डोळे मिटले. बाहेर महाराजांची दुसरी फेरी चालू होती. भिकोबाच्या तोंडचं पाणी पळालं.

मावशी त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "रडू नकोस. माझं माहेर समुद्राकडचं आहे. आमच्यात भात वेळतात."

वेळणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसणार. भरपूर पाण्यात तांदूळ खळखळून शिजवायचा, आणि शीत दाबलं की दबतंय पण तुटत नाहीये असं झालं, की झाकण धरून वरचं सगळं पाणी ओतून काढायचं. त्या पाण्याला पेज म्हणतात. मग पातेलं निखाऱ्यावर ठेवायचं, की भात मोकळा. मावशीनं बगळ्याचे डोळे मिटलेले असताना तेच केलं. सातव्या फेरीला ताटातून वाफ निघाली. महाराज पोटभर जेवले. भिकोबाचा जीव भांड्यात पडला.

आता ती पेज कुठं लपवायची? मावशीनं तिच्यात मीठ घातलं, जिऱ्याची फोडणी दिली आणि गरम गरम पेज समितीपुढे ठेवली. समितीला ती फार आवडली. रोज मिळायला लागली. हत्ती तर रिकामं भांडं सोंडेनं चाटून ठेवायचा. पेज येते कुठून, हे विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

असा महिना गेला. राजपेराचा भात उत्तम होतो, ही बातमी जंगलभर झाली. दाजीसाहेबांनी घरोघरी काठ्या वाटल्या. प्रत्येकाच्या घरी भाताचा लगदा व्हायला लागला. तुम्ही म्हणाल, मग कोणीतरी बोललं असेल. कोणीही बोललं नाही. राजवाड्यात ह्याच काठीनं भात होतो म्हटल्यावर काठी कशी चुकेल? कोणी तांदळाला नावं ठेवली, कोणी चुलीला. साळिंदराच्या घरी सुनेला बोल लावला. ती बिचारी आठ दिवस माहेरी जाऊन बसली.

आणि मग व्हायचं तेच झालं. दाजीसाहेबांनी हिशेब केला. भात काठीमुळे होतो. मग मावशी कशाला?

मावशीला निरोप दिला, नारळ दिला, केळीच्या पानाची शाल पांघरली. राजपेराचं सगळं श्रेय समितीला देणारं एक भाषण झालं. उद्यापासून समितीच भात करणार आणि तो पहिला भात मोठ्या समारंभानं महाराजांना वाढला जाणार, असं जाहीर झालं. मावशी भांडली नाही. तिनं आपली पळी पदरात घेतली आणि झाडावर चढता चढता भिकोबाला म्हणाली, त्यांना वेळायला शिकव, शिकले तर.

भिकोबा पळतच दाजीसाहेबांकडे गेला. ह्या वेळी त्यानं सगळं खरं सांगितलं. पाणी कसं जास्त होतं, बगळ्याचे डोळे कसे मिटतात, मावशी पाणी कसं काढून टाकते, सगळं. तो म्हणाला, दाजीसाहेब, माझी अकरा पोरं आहेत.

दाजीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे महिनाभर सरकारी पाणी बाहेर ओतलं जात होतं," ते म्हणाले. "भिकोबा, तू जे बोललास ते मी ऐकलं नाही असं समजतो. पुन्हा बोललास, तर ऐकलं असं समजेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकोबानं बायकोला सगळं सांगितलं. कोवळी हरळी पुढ्यात होती, पण त्याला घास जाईना. पोरांची नीट काळजी घे म्हणाला. धाकट्याला माती खाऊ देऊ नकोस म्हणाला. बायकोनं शेवटपर्यंत ऐकलं आणि पोरांचे कान पुसता पुसता विचारलं, "आज समारंभ आहे ना?"

"आहे."

"मग समारंभाचं ताट तुम्ही कशाला धरता? मोठ्यांचा मान असतो तो."

भिकोबाचे कान ताठ झाले. मग त्यानं समोरची सगळी हरळी खाल्ली.

सूर्य उंबराच्या शेंड्यावर आला. महाराज उठले, भूक लागली म्हणाले आणि चालायला लागले. कातळापाशी सगळं जंगल जमलं होतं. फुलांच्या माळा होत्या. सुतारपक्ष्याला खास बोलावलं होतं, समारंभाचं चित्र सागाच्या बुंध्यावर कोरायला. चुलीपाशी समिती होती. काठी उभी केली, कड्यापर्यंत पाणी घातलं. मग भात होतोय की नाही हे बघायला हत्तीनं झाकण उचललं. नंतर धामणीनं उचललं. हत्तीनं काय बघितलं ते बघायला बगळ्यानं उचललं. दर वेळी वाफ निघून गेली. आपल्याला आज पेज मिळाली नाही हे तिघांच्याही लक्षात आलं, पण का मिळाली नाही ते आलं नाही.

महाराजांची पाचवी फेरी झाली. भिकोबानं पातेल्यात डोकावून बघितलं आणि मागे सरला. त्याला अजूनही वाटत होतं की दाजीसाहेबांनी एकदा तरी आत बघावं. त्यांनी बघितलं असतं तर त्यानं काहीही केलं नसतं, हे त्यानं पुढे बायकोजवळ शपथेवर सांगितलं. पण दाजीसाहेब शेपटीचे केस विंचरत होते.

सहावी फेरी सुरू झाली. भिकोबा ताट घेऊन पुढे झाला. त्यानं कमरेत वाकून सांगितलं, "दाजीसाहेब, आज राजपेराचा पहिला भात. ताटाचा मान तुमचा."

दाजीसाहेबांना भरून आलं. भिकोबाला आपला अधिकार उशिरा का होईना पटला, ह्याचा त्यांना फार आनंद झाला. त्यांनी ताट घेतलं. भिकोबा मागे मागे सरत थेट जांभळीच्या आडोशाला गेला, बिळाच्या तोंडाशी.

"प्रधानजी, जरा महाराजांच्या जवळ सरका," सुतारपक्षी वरून म्हणाला. "चित्रात येत नाही."

दाजीसाहेब सरकले.

"आणखी जरा."

ते आणखी सरकले. सातवी फेरी संपली. महाराज बसले. दाजीसाहेबांनी ताट पुढे केलं, आणि ताटातला भात एका कडेनं वाहत येऊन महाराजांच्या पंजावर पडला. महाराजांनी पंजाकडे बघितलं, मग ताटाकडे.

"हे काय आहे?"

"हा मान्यताप्राप्त भात आहे, महाराज," दाजीसाहेब म्हणाले. "आपल्याच पेरानं मोजलेला."

महाराजांनी मान वर केली. सगळ्यात जवळ कोण आहे ते बघितलं. बऱ्याच दिवसांनी ओळखीचं कोणी भेटावं तसं, प्रेमानं.

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात. एवढंच सांगतो, की तिन्हीसांजेपर्यंत महाराज कातळावर बसून दात कोरत होते, आणि कोरायला त्यांनी काठी वापरली ती शिसवी होती. सुतारपक्ष्याचं चित्र मात्र पुरं झालं. सागाच्या बुंध्यावर अजून आहे. त्यात दाजीसाहेब हसताना दिसतात.

भिकोबाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं माती खाल्ली, तेव्हा ओरडण्यापुरता बोलला आणि मग बोलतच राहिला.

ठकूमावशीला परत आणायला हत्ती गेला. तिनं काही मागितलं नाही. फक्त लाकडं वाळलेली द्या म्हणाली. नवीन प्रधान म्हणून बगळ्याची नेमणूक झाली. त्यानं पहिल्याच दिवशी चुलीपाशी येऊन विचारलं, पाणी किती घालता. मावशी म्हणाली, बेताचं. बगळ्यानं ते चोचीनं ओल्या मातीत लिहून घेतलं, खाली शिक्का म्हणून पाय उमटवला आणि डोळे मिटले. तेव्हापासून त्या राज्यात पाण्याचं अधिकृत माप बेताचं हेच आहे. घरोघरच्या काठ्या चुलीत गेल्या. साळिंदराची सून परत आली. तिच्या सासूनं तिची माफी मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून भाताला बोट तिचंच लागायला लागलं.

आणि भिकोबा? ताटाची नोकरी त्याच्याकडेच आहे. मावशीचा भात आता कधीही बिघडत नाही. तरीसुद्धा रोज सहावी फेरी सुरू झाली, की भिकोबा गर्दीत बघतो, एखादा तालेवार प्राणी हेरतो आणि कमरेत वाकून म्हणतो, आज ताटाचा मान तुमचा. आजवर एकानंही नको म्हटलेलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, भाताला पाणी किती घालावं हे शिकायच्या फंदात पडू नका. त्यात आयुष्य जातं, आणि वर कोणी ओळखत नाही. त्यापेक्षा कमरेत नीट वाकायला शिका, आणि ताट कोणाच्या हाती द्यायचं ते सहाव्या फेरीच्या आत ठरवून ठेवा.